ट्रंकेत संगीत नाटकांच्या नोटेशनच्या वह्या सापडल्यात? हात लावण्याआधी हे वाचा

सांगलीच्या घराचा माळा रिकामा करायला घेतला तेव्हा आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. वर जुन्या सतरंज्या, खाली ३४ वह्या, लाल फडक्यात बांधलेली दोन बाडं आणि हँडबिलांचा एक गठ्ठा. आजोबा नाटक कंपन्यांमधून ऑर्गन वाजवायचे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ते इतकं सगळं लिहून ठेवायचे हे कुणालाच नाही, आजीला माहीत असेल तर ती बोलली नाही कधी. मी ना संगीतातली ना ग्रंथालयातली, त्यामुळे करता येतील तेवढ्या चुका केल्या, विचारत विचारत शिकले, त्यात दोन वर्षं गेली. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल. स्कोअर म्हटलं की पाच रेघांचा, सगळ्या वाद्यांचं सगळं लिहिलेला कागद डोळ्यासमोर येतो, आपल्या नाटकात तसं काही नसतं. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं शाकुंतल लागलं तेव्हापासून चाल तोंडातून कानात आणि कानातून बोटात गेलीय. वहीत असतो फक्त सांगाडा, म्हणजे पदाचे शब्द, वर राग-ताल, कुठे 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याची पहिली ओळ, आणि नशीब असेल तर सरगम. शब्द छापील पुस्तकात मिळतात, चाल रेकॉर्डवर मिळते. तुमच्या वहीत जे आहे आणि बाकी कुठेच नाही ते समासात असतं, पेन्सिलीने, तिरकं, घाईत खरडलेलं. आमच्या एका वहीत लिहिलंय, "दुसरा अंतरा गाळणे, शेवटची गाडी". हे कुठल्या पुस्तकात सापडणार? म्हणून खालची प्रत्येक पायरी त्या खरडीला धरून आहे.

लागणारं सामान

महाग काही नाही. एन-९५ मास्क, चित्रकारांचा मऊ रुंद ब्रश, टूबी पेन्सिल आणि चांगला खोडरबर, मांजरपाट, सुती नाडी, मोबाइल, एक साधी पट्टी, टेबलावर अंथरायला पांढरी चादर, आणि आर्द्रता मोजायचा छोटा मीटर, तो ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. दोन हार्ड डिस्क नंतर लागतील. न लागणारं सामान: सेलोटेप, फेव्हिकॉल, स्टेपलर, लॅमिनेशनचं मशीन, बॉलपेन. हे त्या खोलीतही आणू नका, हाताशी असलं की वापरलं जातं.

१. पहिला आठवडा फक्त फोटो काढा

ट्रंक उघडलीत तशीच ठेवून वरून फोटो. मग एकेक थर उचलायचा, प्रत्येक थराचा फोटो, कुठली वही कुठल्या वहीवर होती, कुठल्या फडक्यात काय होतं, कुठल्या पानात हँडबिल किंवा तिकीट खोचलेलं होतं, सगळ्याचे फोटो.

मी हे केलं नाही. मी उत्साहात पहिल्याच संध्याकाळी सगळ्या वह्या नाटकांप्रमाणे लावल्या, सौभद्र इकडे, मानापमान तिकडे, स्वयंवर तिसरीकडे, आणि हँडबिलं काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत घातली, फार छान दिसत होतं. सहा महिन्यांनी कळलं की आजोबांनी वह्या दौऱ्याप्रमाणे बांधल्या होत्या, एका दौऱ्याला जी नाटकं त्यांच्या वह्या एका गठ्ठ्यात, आणि त्या दौऱ्याचं हँडबिल त्यातल्याच एका वहीत. म्हणजे कुठल्या साली कुठल्या गावात काय वाजवलं याचा आख्खा पुरावा माझ्याच हाताने मी विस्कटला. निम्मा परत जुळवता आला, पानांवर हँडबिलाच्या कागदाचा पिवळा डाग उमटला होता त्यावरून.

तेव्हा लावालावी नको. वही अर्धवट असली, दोन वेळा तेच पद असलं, मागून उलटी सुरू करून धोब्याचा हिशोब लिहिला असला तरी काही वेगळं काढायचं नाही, काही टाकायचं नाही. धोब्याच्या हिशोबावर तारीख असते, पदावर नसते.

२. ओल, बुरशी, कसर

जी वही दमट लागते किंवा जिच्यावर पांढरी-हिरवी पूड दिसते ती ताबडतोब वेगळी करा, मास्क लावा, आणि पंख्याच्या थेट झोताखाली नाही तर हवा खेळती असलेल्या सावलीत उभी करून पानं किंचित उघडी ठेवा. उन्हात घालायची नाही. घरातली मोठी माणसं हमखास सांगतील की गच्चीत दोन दिवस टाक, पापडासारखी कुरकुरीत होतील. होतात खरी, मग तशीच तुटतात. बुरशी पूर्ण वाळल्यावरच ब्रशने झटकायची, ओली असताना पुसली तर कागदात चोळली जाते.

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी येते, ५० च्या आसपास असेल तर उत्तम. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात ते जमणार नाही हे मलाही कळतं. तिथे निदान कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा सोडा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या बदलत राहा.

कसर आणि वाळवी यांत फरक आहे. कसर पानाला नागमोडी भोकं पाडते, वाळवी मातीची नळी करून येते आणि गठ्ठाच्या गठ्ठा आतून पोकळ करते. वाळवी असेल तर आधी घराचा बंदोबस्त, वह्या नंतर. जिवंत कसर असेल तर वही जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून पक्की बंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतात, बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर कागदावर दंव धरतं. फ्रिजचा खालचा कप्पा चालत नाही, आणि ओल्या वह्या किंवा जुने फोटो असं ठेवू नका. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत, कागदापेक्षा तुमच्याच फुप्फुसाला वाईट. जुन्या बाडांत वेखंडाचे तुकडे सापडतात, आमच्याकडेही होते, ते असू द्या पण वेगळ्या पुरचुंडीत, थेट पानाला लागून नको.

३. साफसफाई कमी, दुरुस्ती त्याहून कमी

ब्रश नेहमी बांधणीकडून बाहेरच्या कडेकडे फिरवायचा. गंजलेली टाचणी ओढायची नाही, खाली-वर प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून हळू सोडवायची. टाचणीने दोन कागद एकत्र लावले होते ही गोष्टही लिहून ठेवा.

पाणी अजिबात लावायचं नाही. फाउंटन पेनची निळी शाई लगेच फुटते, आणि जुनी जांभळी कॉपिंग पेन्सिल तर ओल लागली की शाईसारखी पसरते. काजळीची काळी शाई टिकाऊ असते, पण तपकिरी पडलेली लोखंडी शाई कागद खाते, तिथे अक्षराच्या आकाराची भोकं पडलेली दिसतील, ती पानं वाकवूसुद्धा नका.

फाटलेलं पान चिकटवायची हौस आवरा. आमच्या काकांनी चाळीस वर्षांपूर्वी प्रेमाने सेलोटेप लावली होती, आज टेप सुटून पडलीय आणि तपकिरी चिकट पट्टा तेवढा राहिलाय, त्याखालचे स्वर गेले ते गेलेच. जाणकार लोक जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, जी पुढे पाण्याने सोडवता येते. ते काम त्यांचं. तुम्ही तुटके तुकडे पानासकट स्वच्छ कागदाच्या पाकिटात ठेवा आणि वर पान क्रमांक लिहा.

गुंडाळायला मांजरपाट घ्या पण दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन, नव्या कापडातली खळ म्हणजे कसरीला आमंत्रण. मध्ये घालायला आम्लरहित कागद हवा. सुती हातकागद मिळाला तर बघा, पण हातकागद आहे म्हणजे आम्लरहित असेलच असं नाही, विकणाऱ्याला विचारा, पीएच पेनने एक रेघ ओढून बघा.

४. क्रमांक

प्रत्येक वहीला क्रमांक, सापडल्या क्रमाने. प्रत्येक पानाला क्रमांक, उजव्या वरच्या कोपऱ्यात, टूबी पेन्सिलीने, हलक्या हाताने. आजोबांनी घातलेले पृष्ठांक असतील तर ते तसेच ठेवून आपले चौकटी कंसात. कोरी पानंसुद्धा मोजायची. उलट्या बाजूने लिहिलेलं असेल तर क्रमांक सलगच चालवा आणि यादीत 'इथून वही उलटी' अशी नोंद करा. एवढंच.

५. नोटेशन कुठल्या पद्धतीचं ते ओळखल्याशिवाय एक स्वरही उतरवू नका

इथे माझे चार महिने गेले. जरा सावकाश वाचा.

आपल्याकडे दोन पद्धती मुख्य, भातखंड्यांची आणि विष्णु दिगंबर पलुस्करांची, आणि त्यांच्या खुणा एकमेकींच्या नेमक्या उलट पडतात. भातखंडे पद्धतीत स्वराच्या वर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं). पलुस्कर पद्धतीत वर टिंब म्हणजे मंद्र आणि तारसाठी डोक्यावर उभी रेघ. आता भातखंड्यांत 'म'च्या डोक्यावर उभी रेघ असेल तर तो तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, आणि तीच रेघ पलुस्करांत तार सप्तकातला साधा मध्यम. म्हणजे एकच पान चुकीच्या पद्धतीने वाचलं तर पद दोन सप्तकं इकडेतिकडे होतं आणि वर राग बदलतो.

ओळखायचं कसं? कोमल स्वर आधी शोधा. स्वराखाली आडवी रेघ असेल तर भातखंडे, हलन्तासारखा पाय मोडलेला असेल तर पलुस्कर. मग तालाच्या खुणा बघा. समेला (तालाची पहिली मात्रा) फुली आणि खालीला (जिथे टाळी देत नाहीत ती मात्रा) शून्य असेल तर भातखंडे, समेला १ आणि खालीला अधिकचं चिन्ह असेल तर पलुस्कर. भातखंड्यांत स्वर लांबवायला आडवी छोटी रेघ आणि खाली शब्दांत अवग्रह 'ऽ' येतो, पलुस्करांत मात्रेचा हिशोब स्वराखालच्या खुणांनी दाखवतात. तिन्ही ठिकाणी जुळलं की मगच ठरवा.

बरं, नाटकातली माणसं काही परीक्षेला बसलेली नव्हती. आमच्या आजोबांनी पहिल्या दहा-बारा वह्यांत एक पद्धत वापरली, मग दुसरी, आणि मधल्या काही वह्यांत दोन्हींची खिचडी, समेला फुली पण कोमलाला हलन्त. कधी मात्रांचा पत्ताच नाही, नुसते स्वर ओळीने, कारण ठेका डोक्यात पक्का. अशा वेळी प्रत्येक वहीच्या सुरुवातीला एखादं सगळ्यांना माहीत असलेलं पद शोधा, स्वयंवरातलं 'नाथ हा माझा' असेल तर फारच छान, यमन आहे, तीव्र मध्यम येणारच, त्याची खूण काय केलीय ते बघा आणि ती त्या वहीची किल्ली समजा. पुढच्या वहीला नवी किल्ली.

आणि टिंबांबद्दल एक गंमत. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधी 'नाहीं', 'कांहीं', 'गाणें' असे अनुस्वार भरपूर असायचे, ते आणि सप्तकाची टिंबं एकाच ओळीत आली की डोकं फिरतं. त्यात माशांनी केलेली टिंबं वेगळीच. भिंगाखाली माशीचं टिंब किंचित फुगीर आणि चकचकीत दिसतं, शाईचं कागदात मुरलेलं असतं. मी एका पदात आठ तार षड्ज मोजले होते, त्यातले पाच माशीचे निघाले.

पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला सा धरायचा ते: पदाच्या बाजूला 'काळी १', 'सफेत ४' असं काही लिहिलं असेल तर ते सोनं आहे, कुठला नट किंवा गायिका कुठल्या पट्टीत गात होती ते त्यातून कळतं. खोडून दुसरी लिहिली असेल तर दोन्ही उतरवा. मात्र जुन्या पेट्या आणि ऑर्गन आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराच्या हिशोबाने लागलेले असतीलच असं नाही, तेव्हा वहीत 'काळी १' आहे म्हणून मोबाइलचा तानपुरा लावून छातीठोक विधान करू नका.

६. तारखेचा शोध

वहीवर तारीख क्वचित असते, असली तर बऱ्याचदा शके. शकेत ७८ मिळवा की इसवी सन येतं, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या काळाला ७९. म्हणजे शके १८३८ म्हणजे १९१६-१७. कुठे संवत असेल तर हा हिशोब चालत नाही, नुसता आकडा बघून फसू नका.

तारीख नसेल तर वहीलाच विचारा. मलपृष्ठावर रुपये-आणे-पैची कोष्टकं छापलेली असतील तर ती दशमान नाण्यांच्या आधीची असायची शक्यता दाट. किंमत 'न. पै.' (नवे पैसे) मध्ये असेल तर वही १९५७ ते १९६४ मधली. बॉलपेन दिसलं तर नंतर कुणीतरी केलेली भर असू शकते. नाटकांची सालं हाताशी ठेवा, सौभद्र १८८२, शारदा १८९९, मानापमान १९११, स्वयंवर १९१६, एकच प्याला १९१९, कुलवधू १९४२, मत्स्यगंधा १९६४, कट्यार १९६७. वहीत मानापमानातलं पद असेल तर ते पान १९११ च्या आधीचं नाही एवढं पक्कं, कधीचं आहे ते मात्र त्यावरून ठरत नाही, जुनी पदं लोक पन्नास वर्षं लिहीत होते.

७. यादी

साधी एक्सेल किंवा गूगल शीट पुरते. रकाने असे: वही क्रमांक, पान, पदाची पहिली ओळ जशी लिहिलीय तशी, तीच ओळ आजच्या शुद्धलेखनात, नाटक, नाटककार, संगीतकार, राग, ताल, चाल, पट्टी, नोटेशनची पद्धत, अक्षर कुणाचं, शाई, समासातली नोंद, पानाची अवस्था. पहिल्या ओळीचे दोन रकाने कशाला असं वाटेल, पण नाहीतर शोधताना काहीच सापडत नाही, 'नाहीं मी बोलत' आणि 'नाही मी बोलत' कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळी पदं.

समासातली नोंद हा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. जे दिसतं ते शब्दशः, अर्थ कळत नसेल तरी.

वहीत लिहिलेला राग छापील पुस्तकापेक्षा वेगळा असेल तर 'दुरुस्त' करायचा नाही, जसा आहे तसा, आणि शेजारी तुमचं मत. पहिली ओळ तीच म्हणजे चाल तीच असंही धरू नका. कट्यारमध्ये 'घेई छंद मकरंद' दोन चालींत येतं, एक धानी रागात आणि एक सालगवराळीत. साकी, दिंडी, कामदा असं काही शीर्षक दिसलं तर तो राग नाही, वृत्त आहे, मी पहिले दोन आठवडे 'राग दिंडी' लिहीत होते, हसू नका.

मोडीत काही असेल तर बघूनच घाबरायचं कारण नाही. बहुतेक हिशोबच निघतो. मोडी वाचणारे लोक पुण्या-कोल्हापुरात बरेच आहेत, वर्गही चालतात.

८. स्कॅन

रंगीतच. काळं-पांढरं केलं की लाल-निळ्या पेन्सिलीतला फरक गेला, आणि नाटकवाल्यांचं निम्मं बोलणं त्याच पेन्सिलीत असतं. मोबाइलवरची कागद 'स्वच्छ' करणारी अॅप वापरू नका, ती पान पांढरंशुभ्र करतात आणि फिकट पेन्सिल पुसून टाकतात. तुमच्या वहीत जे मोलाचं तेच आधी उडतं.

किमान ३०० डीपीआय, पेन्सिलीच्या खुणा असतील तर ४००. मूळ फाइल टिफमध्ये, लोकांना द्यायला वेगळी जेपेग किंवा पीडीएफ. साधारण शालेय वहीच्या आकाराचं, म्हणजे ए-५ चं एक पान ४०० वर रंगीत टिफमध्ये २३ एमबीच्या आसपास होतं, चार हजार पानं म्हणजे ९० जीबी, म्हणजे फार नाही. प्रत्येक वहीच्या पहिल्या चित्रात शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. कोरी पानं, मुखपृष्ठ, मलपृष्ठ, सगळं स्कॅन करायचं.

शिवलेली वही फ्लॅटबेडवर दाबून उलटी ठेवली की पाठ मोडते. त्यापेक्षा कॅमेरा वर स्टँडला लावून, वही दोन बाजूंनी घड्या घातलेल्या टॉवेलांवर व्ही आकारात ठेवून, दोन बाजूंनी तिरके दिवे लावून फोटो घेतलेले बरे. पेन्सिल इतकी फिकट असेल की वाचता येत नाही, तर एकच दिवा अगदी आडवा लावून बघा, दाबाचे वळ दिसतात.

बाहेर स्कॅनला देणार असाल तर समोर उभे राहा. मी एका दुकानात चार वह्या देऊन भाजी आणायला गेले, परत आले तर चारही वह्यांची पाठ कटरने कापून पानं सुटी केलेली, 'फास्ट होतं मॅडम'. समासाची आतली कड गेली, आणि त्या कडेलाच आजोबा ठेक्याचे बोल लिहायचे.

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत, वही आणि पान दोन्ही, आकडे तीन घरांचे, म्हणजे ००१, ०१२ असे, नाहीतर १ नंतर १० आणि मग २ असा क्रम लागतो. प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. आमची एक पुण्यात बहिणीकडे आहे. दरवर्षी उघडून बघायची, हार्ड डिस्क कपाटात पडून पडूनही मरते.

९. जाणत्या माणसाला आत्ता बसवा

क्रमाने ही पायरी नववी आहे, पण घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर इथूनच सुरुवात करा, स्कॅन थांबतील.

आमची आत्या ८४ वर्षांची. लहानपणी कंपनीच्या बिऱ्हाडात राहिलेली. मी प्रिंट घेऊन गेले, मूळ वही नाही, प्रवासात मूळ नेऊ नका. पदांच्या नावाशेजारी उभ्या रेघा होत्या, कुठे तीन, कुठे पाच, चारावर आडवी मारून पाच. मी त्या तालाच्या खुणा समजून यादीत तसं लिहूनही टाकलं होतं. आत्याने चष्मा लावला आणि म्हणाली, "अगं, वन्समोअर आहेत ते. दादा, म्हणजे तुझे आजोबा, मोजायचे. कुठल्या गावाला किती पडले त्यावरून पुढच्या खेपेला काय ताणायचं ते ठरायचं." चार महिने मी ठेका शोधत होते त्यात.

कसं करायचं: मोबाइल विमान मोडवर, पंखा बंद, रेकॉर्डिंग जमल्यास वेव्ह फाइलमध्ये. सुरुवातीला तारीख, गाव, कोण बोलतंय ते म्हणा. प्रत्येक पान उलटताना वही आणि पान क्रमांक मोठ्याने म्हणा, नाहीतर नंतर कुठल्या पदाबद्दल बोलणं चाललंय ते तुम्हालाच कळणार नाही. प्रश्न 'तेव्हा कसं होतं?' असा मोकळा विचारलात तर 'छान होतं' एवढंच उत्तर येतं. पानावर बोट ठेवून 'हे काय?' विचारा. गुणगुणायला लागली तर मध्ये बोलू नका, चुकीचं वाटलं तरी. वहीत सरळ चार स्वर असतात आणि त्यांच्या तोंडून त्याच जागी बारीकशी हरकत, म्हणजे स्वरांची छोटी फिरत, येते, ती हरकत लिहिलेलीच नसते कुठे. पाऊण तासावर बसवू नका, चहा करा, पुन्हा दुसऱ्या दिवशी.

जुन्या ७८ च्या रेकॉर्ड लावून ताडून बघणार असाल तर ध्यानात ठेवा की तिच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. रंगमंचावर तेच पद कितीही रंगायचं. रेकॉर्डमध्ये नाही म्हणून वहीतला अंतरा खोटा ठरत नाही.

१०. नेटवर टाकण्याआधी

वही तुमच्या मालकीची म्हणजे पदाचे हक्क तुमचे असं नाही. भारतात लेखकाच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क राहतात, आणि शब्दांचे वेगळे, संगीताचे वेगळे. मानापमान घ्या. नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये गेले, संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये, म्हणजे दोन्ही मोकळं. स्वयंवराचे संगीतकार भास्करबुवा बखले १९२२ मध्येच गेले. पण कुलवधूचं संगीत मास्टर कृष्णरावांचं, ते १९७४ ला गेले, म्हणजे २०३४ संपेपर्यंत थांबायचं. मत्स्यगंधा आणि कट्यारचे संगीतकार अभिषेकीबुवा १९९८ ला गेले, म्हणजे २०५८. यादीत संगीतकाराचं नाव का हवं ते आता कळलं असेल. कधीच न छापलेल्या रचनांची मुदत वेगळ्या पद्धतीने मोजावी लागू शकते, तिथे वकिलाला विचारा. घरात जतनासाठी स्कॅन करून ठेवणं आणि जगाला वाटणं या दोन गोष्टी वेगळ्या धरा.

ज्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं त्यांची लेखी संमती घ्या, दोन ओळी पुरतात, सही आणि तारीख.

आणि हे परदेशातल्या भावाबहिणींसाठी: ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. 'एक वही आठवण म्हणून न्यू जर्सीला घेऊन जाते' असं माझी चुलतबहीण म्हणत होती. तिला छान प्रिंट काढून बांधून दिली.

११. मूळ वह्या कुठे ठेवायच्या

घरी ठेवणार असाल तर जमिनीपासून वर, आणि आमच्यासारखे नदीकाठचे असाल तर वरच्या मजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते सांगलीकरांना सांगायला नको. वह्या आडव्या, मोठी खाली लहान वर, एकावर एक चार-पाचच्या वर नकोत.

संस्थेला देणार असाल तर आधी तिथे जाऊन या. पुण्यात भास्करबुवांनी १९११ मध्ये काढलेला भारत गायन समाज आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, ठाण्या-मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालयं आहेत, पणजीला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ध्वनिमुद्रणांसाठी गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीताचं अभिलेखागार आहे. कोण काय घेतं ते प्रत्येकाला स्वतः विचारा. आणि हेही विचारा: सगळा संग्रह एकत्र ठेवाल का, की पुस्तकांत मिसळाल? यादी कधी होईल? आम्हाला बघायला मिळेल का? 'ठेवून जा, बघू' असं उत्तर आलं तर वह्या घेऊन घरी या. मी एका ठिकाणाहून आलेय.

देताना लागणारे कागद: वह्यांची क्रमांकासह यादी दोन प्रतींत, प्रत्येक वहीच्या अवस्थेचे फोटो, देणाऱ्याचं ओळखपत्र, बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र (हे आधीच घ्या, नंतर काकांचा फोन येतोच), दानपत्र किंवा करारनामा ज्यात कायमचं देताय की सांभाळायला देताय ते स्पष्ट लिहिलंय, डिजिटल प्रती कुणी वापरायच्या त्याची अट, आणि संस्थेच्या शिक्क्याची पोच. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आम्ही शेवटी मूळ वह्या घरीच ठेवल्या, निदान आत्या आहे तोवर, तिला अधूनमधून बघायच्या असतात. दर मे महिन्यात, वळीव सुरू व्हायच्या आत, एकेक वही सोडून बघते, मांजरपाट बदलते, मीटरचा आकडा वहीत टिपते. ट्रंक आतून गंजली होती म्हणून वह्या लाकडी कपाटात गेल्या, ट्रंकेत आता रजया आहेत.